मोटरसायकलची पार्किंग लाईट: कडेला उभ्या गाडीवर किती वेळ चालू ठेवायची?

रात्रपाळी_ओलीत
गाडी १०० सीसी, २०१४ चं मॉडेल, किक अन् सेल्फ दोन्ही, बॅटरी १२ व्होल्ट ४ एएच (अँपिअर-तास). उजव्या मुठीजवळच्या स्विचला तीन खाचा: बंद, पार्किंग, हेडलाईट. हरभऱ्याला रात्रीच्या लाईनवर पाणी द्यायचं असलं की गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच लावावी लागते, पांदणीत चाक रुतते. तेवढा वेळ पार्किंग लाईट चालू ठेवली तर नंतर सेल्फ उचलेल का? कायद्यानं ती लागते का? अन् दुकानात तिथं निळा एलईडी बसवून देतात, तो घ्यावा का?

बारा_व्होल्ट
पार्किंग लाईट रस्ता पाहायला नाही, आपण दिसावं म्हणून आहे. पुढं हेडलाईटच्या रिफ्लेक्टरमध्येच बसवलेला ४-५ वॅटचा पायलट बल्ब, मागं टेललाईटचा ५ वॅटचा तंतू, अन् मीटरमधला उजेड. दिवेलागणीला फक्त तेवढ्यावर गाडी चालवणारे पुष्कळ दिसतात, ते चूक. समोरच्याला तो ठिपका सायकलवरच्या टॉर्चसारखा वाटतो, वेगाचा अंदाज येत नाही. चालत्या गाडीला हेडलाईटच पाहिजे.

आता हिशोब. सगळं मिळून १२-१३ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १ अँपिअर. ४ भागिले १ करून चार तास समजू नका. बॅटरीवरचा ४ एएचचा आकडा दहा तासांत हळूहळू, ०.४ अँपिअरनं उतरवली तरचा असतो. १ अँपिअरनं ओढली तर नवीन बॅटरीही तीनेक तासांत आडवी होते, अन् सेल्फ त्याच्या बराच आधी मान टाकतो. बटन दाबलं की रिलेची नुसती टकटक. २०-२५ मिनिटं बिनधास्त, दोन वर्षं जुन्या बॅटरीवर तेवढीही जपून. पाण्याची पाळी तीन-चार तासांची असते, तेवढ्यासाठी ही लाईट नाहीच.

किक आहे म्हणून गाडी चालू होईल, पण उतरलेली बॅटरी वावर ते गाव तीन किलोमीटरात भरत नाही. अर्धवट उतरलेली ठेवत गेलं की प्लेटांवर सल्फेट बसतं अन् बॅटरी कायमची कमजोर होते.

होल्डर_फिटर
आधी तुमच्या गाडीत ही लाईट बॅटरीवर आहे का ते तं पाहा. इंजिन बंद, चावी चालू, स्विच मधल्या खाचेवर. पुढचा-मागचा दोन्ही पेटले तं ठीक. जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाईट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसीवर असते, म्हणूनच आयडलवर ती मिणमिणते. काही मॉडेलात टेललाईटही त्याच लाईनवर. तशी गाडी इंजिन बंद केलं की मागून पूर्ण काळी, अन् उभ्या गाडीला मागचाच दिवा महत्त्वाचा.

मागचा बल्ब काढून पाहाच. तो २१/५ वॅटचा दोन तंतूंचा, ब्रेकला २१ अन् टेलला ५. त्याच्या दोन पिना मुद्दाम खालीवर दिलेल्या असतात, उलटा बसू नये म्हणून. तरी दाबून उलटा बसवलेले लय सापडतात. मग टेल म्हणून २१ वॅट जळतो, बॅटरी दुपटीनं उतरते, काचेचं प्लॅस्टिक वितळते, अन् ब्रेक दाबला तरी उजेड जेमतेमच वाढते.

पुढचा बल्ब बिनटोपीचा (बुडाला धातूची टोपी नसलेला) असला तं फिरवायचा नाही, रबरी होल्डर मागं ओढून बल्ब सरळ उपसायचा. पेटत नसला तं बल्बला दोष द्यायच्या आधी होल्डरमधला हिरवा गंज पॉलिशपेपरनं घासा, हेडलाईटच्या डब्यातली काळी किंवा हिरवी अर्थिंगची वायर हलवून पाहा. १० वॅटचा टाकू नका, होल्डर मऊ पडतो. बल्ब महिन्या-महिन्याला उडत असले तं रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) तपासा: रेस देऊन बॅटरीच्या टोकांवर १५ व्होल्टच्या वर जात असलं तं तोच खराब.

एलईडी घ्या, पण निळा नाही. पुढं पांढरा, मागं लाल काचेमागं लालच. पांढरा टाकला तं गुलाबट दिसतो. एक वॅटच्या आसपासचे घेतले तं ओढ निम्म्याच्या खाली येते. पेटला नाही तं उपसून अर्धा फिरवून बसवा, त्याला प्लस-मायनस असते. एसी लाईनवर मात्र तो फडफडेल.

धुऱ्यावरचा_कायदा
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०९ पार्किंग लाईटचा. त्यात मोटरसायकल वगळलेली आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सगळ्यांना लागू: दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडायची नाही. लाईट चालू होती हे त्यावर उत्तर होत नाही. आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत हेडलाईट इंजिनसोबत आपोआप लागते, म्हणून त्यांत तुमच्यासारखा स्विच सापडणार नाही.

तीन तास गाडी उभी राहणार असेल तर डांबर सोडून पूर्ण खाली घ्या. काळ्या मातीत साईड स्टँड रुततो, खाली फरशीचा तुकडा ठेवा. गाडीचं तोंड आपल्या बाजूच्या वाहतुकीच्या दिशेनंच. उलटी लावली तर मागून येणाऱ्याला डाव्या कडेला पांढरा दिवा दिसतो, समोरून गाडी येतेय समजून तो भलतीकडे वळतो. टेललाईटवरचा चिखल पुसा, मडगार्डला ५ सेंटीमीटर रुंद लाल रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह पट्टी (पडलेला उजेड आला तिकडंच परत फेकणारी) लावा. ती बॅटरी खात नाही. फक्त बिनदिव्याच्या बंडीला किंवा हेडलाईट गेलेल्या ट्रॅक्टरला ती दिसत नाही.

रात्रपाळी_ओलीत
दोन्ही दिवे इंजिन बंद असताना पेटतात, म्हणजे बॅटरीवरच आहेत. दुसऱ्या एका गाडीच्या चावीला लॉकच्या पुढं ‘पी’ आहे, ते याच्यासाठीच का?

बारा_व्होल्ट
हो. तिथं हँडल लॉक होते, चावी निघते अन् पुढचा-मागचा बारीक दिवा चालू राहतो. तुमच्या गाडीत मात्र लाईटसाठी चावी आतच ठेवावी लागते, म्हणजे चोराची सोय. ‘पी’मध्ये दोन गोष्टी पाहा. हँडल डावीकडे वळून लॉक होते, त्यामुळं हँडलवर बसवलेला पुढचा दिवा रस्त्याकडं नाही, नालीकडं तोंड करतो. उपयोग उरतो तो टेललाईटचा. अन् अंधारात लॉक करताना चावी एक खाच जास्त फिरली तर रात्रभर दिवा जळतो. चावी काढली की एकदा मागं जाऊन पाहायचं.

होल्डर_फिटर
अन् बॅटरीवर स्पार्क देणारी पॉइंटवाली (कॉईलचा करंट उघडझाप करणारे ब्रेकर पॉइंट असलेली) जुनी गाडी असली तं नुसती चावी चालू ठेवून उभी करू नका. पॉइंट मिटलेले राहिले तं कॉईल तापून जळते.