रीफ टाकीतलं हिरवं शेवाळ उपटूनही परत येतंय

प्रश्न (रत्नागिरी): २०० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची), मऊ प्रवाळ. खडकांवर केसाळ शेवाळ. नायट्रेट १०, फॉस्फेट शून्य. पाणी भाट्याच्या किनाऱ्यावरचं. काय करू?

उत्तर १: दादा, त्या शून्यावर विश्वास ठेवू नका. फॉस्फेट शेवाळच शोषून घेतंय, म्हणून चाचणीत दिसत नाही. भाट्याला काजळी नदीची खाडी मिळते. पावसाळ्यात तिथलं पाणी गोडसर, गाळाचं असतं. जून ते सप्टेंबर आरओ-डीआय पाणी (फिल्टरने पूर्ण शुद्ध केलेलं) आणि रीफ टाकीसाठीचं मीठ वापरा: मीठ घालण्याआधी टीडीएस (विरघळलेले घटक) ०, घातल्यावर क्षारता दर हजारी ३५. बाष्पीभवनाची भरपाईही आरओ-डीआय पाण्यानेच, पण मीठ न घालता, विहिरीच्या नको.

उत्तर २: उपटताना पंप बंद ठेवा आणि तुकडे लगेच सायफनने ओढून घ्या, नाहीतर तेच दुसरीकडे रुजतात. मग शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी सोडा. फॉस्फेट शोषणारी लोहाची खडी इतक्यात नको! पाण्यातली पोषकं (नायट्रेट, फॉस्फेट) खरंच संपली तर डायनोफ्लॅजेलेट्स (सूक्ष्म एकपेशीय जीव) येतात, ते याहून वाईट.

उत्तर ३: आधी शेवाळाचं टोक भिंगातून बघा. पिसासारखं असेल तर ते ब्रायोप्सिस जातीचं शेवाळ. ते गोगलगायी सहसा खात नाहीत. त्यावर फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध), लिटरला ५ मिग्रॅ. औषध शोषलं जाऊ नये म्हणून फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, दोन-तीन आठवडे वाट पाहा. मरणारं शेवाळ पोषकं सोडतं, तेव्हा चाचण्या चालू ठेवा.