खांद्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉल सोसत नाही, रात्र कशी काढायची?

आईचं (वय 67) मंगळवारी उजव्या खांद्याच्या रोटेटर कफचं (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांचं) ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. मानेपाशी ब्लॉक (हात बधिर करणारं इंजेक्शन) दिलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी हात ओंडक्यासारखा. मातोश्री खुशीत, येईल त्याला "काही नाही हो, एवढंसं" सांगत होत्या. रात्री दोनला ब्लॉक उतरला आणि रडूच फुटलं. बधिरपणा जायच्या आधीच गोळी पोटात हवी, हे आम्हाला नंतर कळलं.

ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिली आहे. घेतली की उलट्या, गरगर. आज पहाटे बाथरूमच्या दारात तोल गेला, चौकट हाताला लागली म्हणून बरं. तीन दिवस पोट साफ नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) 1.5, म्हणजे वाढलेलं, म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामकांना आधीच सक्त मनाई. आडवी झाली की ठणका वाढतो. सर्जन सोमवारी भेटणार. न्यू जर्सीचा मामेभाऊ सुझेट्रिजीन मागवू म्हणतोय, अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये मान्यता मिळालेलं, अफूच्या जातीचं नसलेलं वेदनाशामक. काय करू?

प्रतिसाद 1
आडवं झोपवूच नका. मी तीन आठवडे आरामखुर्चीत काढले. हात अडकवायचा पट्टा काढायचा नाही आणि कोपराखाली उशी हवी, नाहीतर हात मागे पडतो आणि टाक्यांवर ताण येतो. फ्रीजरमधलं मटारचं पाकीट पंच्यात गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवा. ड्रेसिंग भिजू देऊ नका.

प्रतिसाद 2
भूलतज्ज्ञ आहे. सोमवारची वाट बघू नका, तोल गेला हे आजच फोनवर सांगा. ट्रामाडॉल थांबवून नुसतं पॅरासिटामॉल घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता, देता येईल का ते विचारा. मात्र त्या एकत्र गोळीतही पॅरासिटामॉल असतंच. वर आणखी पॅरासिटामॉलची 650 मिलिग्रॅमची गोळी दिली तर दोन्हीतलं मिळून मोजा. सुझेट्रिजीनच्या मुख्य चाचण्या पोटाची चरबी काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या ऑपरेशनवर झाल्या, खांद्यावर नाही. त्यात मूत्रपिंडाचा प्रश्न, परस्पर मागवू नका. ताप आला, जखमेतून पू आला किंवा बोटं निळी-गार पडली तर थेट दवाखाना गाठा.

धागाकर्ती
फोन झाला. ट्रामाडॉल बंद, पॅरासिटामॉल दर आठ तासांनी, पोटासाठी लॅक्टुलोज. कोपराखाली उशी नव्हतीच आमच्याकडे! आत्ता लावली. बाबांची आरामखुर्ची मागितली तर त्यांचं तोंड उतरलंय.