८१व्या क्रमांकावर अडकलेलं बॅलड: दोष गाण्याचा की रेडिओचा?

पावसाळी_दादर:
अमेरिकन गायिका मरायाह कॅरीचं 'थ्रू द रेन' हे बॅलड, म्हणजे संथ, भावुक गाणं, अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीत ८१च्या वर सरकलंच नाही, याचा राग मला आजही येतो. साल २००२. आदल्या वर्षी तिचा 'ग्लिटर' चित्रपट आपटलेला, थकव्यापायी ती इस्पितळात जाऊन आलेली, आणि रेकॉर्ड कंपनीने २.८ कोटी डॉलर हातावर ठेवून करार संपवलेला. एवढं सोसून ती पुन्हा गायला उभी राहिली, तर रेडिओने पाठ फिरवली. तेव्हाच्या हॉट १००मध्ये विक्रीपेक्षा गाणं रेडिओवर किती वाजतं याचं पारडं फार जड होतं, आणि रेडिओवर नेली नि एमिनेम या रॅपर्सचं राज्य. ब्रिटनचा चार्ट निव्वळ विक्रीवर ठरायचा. तिथे हेच गाणं ८वं आलं! म्हणजे ज्यांनी खिशात हात घातला त्यांना ते आवडलं होतं.

कॅसेटवाला:
ताई, मीही तिचा जुना फॅन, काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून तिच्या कॅसेटी आणायचो. पण रेडिओवर खापर फोडू नका. २००५मध्ये त्याच अमेरिकन रेडिओने तिचंच 'वी बिलाँग टुगेदर' डोक्यावर घेतलं, १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर. मग २००२मध्येच काय बिघडलं? गाणंच तिच्या जुन्या 'हीरो'च्या साच्यातलं होतं. तेच धीर देणं, तोच चढत जाणारा शेवट. 'हीरो' १९९३चं. नऊ वर्षांनी तोच पदार्थ गरम करून वाढला.

पावसाळी_दादर:
२००५चं गाणं बीटवर पळतं, शब्द भराभर येतात. त्याच्या यशाने माझाच मुद्दा पक्का होतो: संथ बॅलडला दार बंद होतं.

कॅसेटवाला:
दार बंद आहे हे तिला २००५मध्ये कळलं, २००२मध्ये कळलं नाही. पुनरागमनाचं पहिलंच गाणं निवडताना एवढा अंदाज हवा की नको? शिवाय सुरुवातीला ती जवळजवळ कुजबुजते. ज्या आवाजासाठी आपण जीव टाकायचो तो यायला फार वेळ लागतो.

पावसाळी_दादर:
ती कुजबूजच मला हवी असते. २६ जुलै २००५ला कुर्ल्याहून दादरपर्यंत रुळांवरून चालत आले, पाणी मांडीपर्यंत. वॉकमन केव्हाच बंद पडला होता, तरी हेच गाणं मनात चालू होतं. त्या आठवड्यात नंबर एकवर तिचंच दुसरं गाणं होतं, पण ते एकदाही आठवलं नाही.

कॅसेटवाला:
तुमचा तो दिवस मी नाकारत नाही. पण गाणं तुम्हाला उपयोगी पडलं, एवढ्याने ते चांगलं रचलेलं ठरत नाही. अंगाईनेही झोप लागते.

डोंबिवली_फास्ट:
दोघंही चार्टवरच अडकलात. व्हिडिओ पाहा ना! त्यात तिच्या आईवडिलांची गोष्ट आहे: आई गोरी, वडील कृष्णवर्णीय, घरच्यांचा विरोध. माझ्या आईवडिलांचं लग्न आंतरजातीय. आजोबांनी आईला उंबरा बंद केला तो माझ्या बारशापर्यंत. गाण्याच्या रचनेबाबत मी कॅसेटवाल्यांच्या बाजूने आहे, पहिलं कडवं खरंच सपक आहे. पण आईला शब्द कळत नव्हते, तरी व्हिडिओ संपल्यावर ती म्हणाली, "परत लाव."

कॅसेटवाला:
व्हिडिओ उत्तम आहे, वादच नाही. पण डोळे मिटून ऐकलं तर? मी आज पुन्हा तसंच ऐकलं. ८१ हा क्रमांक फार खाली वाटला, हे कबूल. पहिल्या दहात मात्र मी ते तरीही घातलं नसतं.