मदत हवी आहे: उत्तरेत यंदा हिवाळा मवाळ म्हणतायत, मग जानेवारीत आई-अण्णांना काशीला न्यावं का?

द्राक्षमळा:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही निफाडचे. अण्णा 71, आई 66, आईला थोडा दम्याचा त्रास, पंप सोबत असतो. दोघांना काशी-प्रयाग-अयोध्या करायचीय आणि ती द्राक्षबागेची काढणी सुरू व्हायच्या आत, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच, कारण नंतर मला हलताच येणार नाही. दिवाळीनंतर लगेच उरकू म्हटलं होतं, ते राहिलं ते राहिलंच. आता अण्णांनी पेपरात वाचलंय की हवामान खात्याच्या अंदाजानुसार डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेच्या मैदानी भागात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील. झालं, कात्रण कापून फ्रिजवर लावलंय आणि वर मलाच ऐकवतात, "5-6 डिग्रीत बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढणारी माणसं आपण, बनारसची थंडी काय सांगतो?"

तर प्रश्न असा की या अंदाजावर विसंबून तिकीट काढू का? महानगरीने जायचा विचार आहे, नाशिकरोडहून. आणि तिथून अयोध्येला गाडी करून जावं की ट्रेननेच?

कडकचहा:
नऊ वर्षं लखनौत नोकरी काढलीय, म्हणून लिहितो. अण्णांचं कात्रण बरोबरच असणार, पण त्यात धुकं हा शब्द कुठे आहे का तेवढं बघा.

तो अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. थंडीची लाट म्हणायला मैदानात किमान तापमान 10 किंवा त्याखाली जावं लागतं आणि शिवाय नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरावं लागतं, असे दिवस कमी येणार एवढंच त्याचं म्हणणं. पण तिकडे माणसाला छळतं ते धुकं, आणि त्याला शांत हवाच लागते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, येऊन थोडा शिडकावा करून गेला की मागे ओल राहते, गव्हाला पाणी दिलेलं असतं, आकाश मोकळं होतं, वारा पडतो, आणि पहाटे सगळं पांढरं. गंमत म्हणजे वर धुक्याची गोधडी असली की रात्री पारा फार उतरत नाही, म्हणून किमानाचा आकडा चांगला दिसतो, पण दिवसभर सूर्यच नाही त्यामुळे दुपारीही 13-14 च्या वर जात नाही. निफाडला पहाट कडक असली तरी दहा वाजता ऊन अंगावर येतं की नाही? तिकडे ते येतच नाही, घरं गार पडतात, गाद्या ओलसर लागतात.

2025 चा जानेवारी आठवा, देशभराच्या सरासरीने गरम गेला आणि त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिल्ली विमानतळावर कित्येक तास दृश्यता शून्य होती. पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था 2015 पासून दिल्लीच्या विमानतळावर याच धुक्याचा अभ्यास करतेय, त्यावरून समजा प्रकरण किती किचकट आहे ते.

मनमाडजंक्शन:
कडकचहाशी सहमत. रेल्वेचं सांगतो. जाताना फारसं काही होणार नाही, सतन्यापर्यंत गाडी बऱ्यापैकी वेळेत जाते, रडारड प्रयागच्या पुढे. लोको पायलटकडे आता फॉग सेफ डिव्हाईस असतं, जीपीएसवर पुढचा सिग्नल किती लांब ते सांगतं, पण तरी धुक्यात ताशी 75 किलोमीटरच्या वर पळवत नाहीत, आणि एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. खरा मार येताना बसतो कारण मुंबईहून गेलेले डबेच काशीला उशिरा पोचतात, मग आपली गाडी सुटणार कशावरून. आम्ही एकदा सात तास प्लॅटफॉर्मवर काढलेत, सासूबाई अजून बोलून दाखवतात.

चढायच्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि जायचं रद्द केलंत, तर पूर्ण पैसे परत मिळतात, फक्त गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा. आणि परतीच्या दिवसाला लागून मुंबईहून पुढचं काही बुकिंग ठेवू नका.

घाटावरची:
आईंबद्दल. धुकं आणि धूर एकत्र बसतात तिकडे, त्यामुळे पहाटेचं गंगास्नान टाळा, अकरानंतर जा, दाट धुकं असलं तर नावाही सोडत नाहीत. निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि धर्मशाळेत कोळशाची अंगीठी देऊ केली तर बंद खोलीत अजिबात ठेवू नका, झोपेत माणसं गेलीयत.

अयोध्येला गाडी केलीत तर सकाळी दहाच्या आत निघू नका, ड्रायव्हर कितीही "साफ है" म्हणाला तरी.

द्राक्षमळा:
सगळ्यांचे आभार. अण्णांना वाचून दाखवलं, गोधडीचं त्यांना पटलं, म्हणाले आभाळ आलं की आपल्याकडेपण पारा उतरत नाहीच की. कात्रण अजून फ्रिजवरच आहे. तर आता अयोध्या गाळतोय, नुसतं काशी-प्रयाग, आणि येताना एक रात्र जास्तीची धरतोय. संक्रांतीच्या आधी परत यायचं म्हणजे माघमेळ्यातल्या संक्रांतीच्या स्नानाची गर्दीही चुकेल.

आता एकच, काशीत लिफ्ट असलेली आणि खोलीत ऊन येणारी मराठी धर्मशाळा कुणाला माहितीय का? आईचे गुडघे पण आहेत, ते लिहायचं राहिलं.