नाताळाआधीचे चार आठवडे लहान गावात तुम्ही कसे घालवता?

प्रश्न

आमचे गाव लहान आहे आणि नाताळाचा खरा आनंद मला २५ डिसेंबरपेक्षा त्याच्या आधीच्या आगमनकाळातच जास्त मिळत आला आहे. संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात गव्हाणीसाठी, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी, गवत, जुन्या फळ्या आणि सुतळी यांची जमवाजमव व्हायची, आणि गायनमंडळाचा सराव एकाच ओळीवर चारचारदा अडला की तेवढ्यात गप्पांना रंग चढायचा. गेल्या वर्षी मात्र तयार गव्हाणी विकत आणली, गाणी ध्वनिक्षेपकावर लावली आणि सगळे काम अर्ध्या दिवसात उरकले. वेळ वाचला हे मान्य आहे, पण त्या वाचलेल्या वेळात कोणी कोणाकडे फिरकले नाही. यंदा पुन्हा हातानेच गव्हाणी करू या, असे सुचवले तर ते जुनाटपणाचे ठरेल का?

उत्तर १

जुनाटपणाचे कसे ठरेल? गव्हाणीच्या परंपरेची सुरुवातच मुळी एका गावात झाली. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे ख्रिस्तजन्माचा देखावा उभारला तेव्हा त्यात खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव होते, आणि आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन रात्री तेथे जमले होते. मला त्यातला सर्वांत आवडणारा तपशील असा, की त्यांनी सुमारे पंधरा दिवस आधीच तेथील एका परिचिताला तयारीला लागायला सांगितले होते.

आमच्या गव्हाणीतल्या गाढवाचा डावा कान दरवर्षी पेटी उघडताच गळून पडतो. तो चिकटवण्याचा मान कोणाचा, यावर मुलांची दरवर्षी भांडणे होतात, आणि गोंद वाळेपर्यंत तो कान धरून बसलेल्या मुलाभोवती बाकीची सगळी श्वास रोखून उभी राहतात. नवे गाढव आणण्याचा विषय एकदा निघाला होता. पोरांनी तो हाणून पाडला.

उत्तर २

माझे मत थोडे वेगळे आहे. दिवसभर कामावर राबून आलेल्या माणसाने विकतची गव्हाणी आणली म्हणून त्याला बोल लावू नये. कान चिकटवायला सवड लागते आणि ती सर्वांकडे सारखी नसते. ध्वनिक्षेपक मात्र खुशाल बंद करा. आम्ही रात्री घरोघर गात जातो तेव्हा वळणावरच्या घरातल्या आजी, ज्यांना आता अंथरुणावरून उठवत नाही, आमची चाहूल लागताच खिडकी उघडायला लावतात आणि दुसरे कडवे आम्ही घाईत म्हटले तर आतूनच ‘सावकाश!’ म्हणून दटावतात. ध्वनिक्षेपकाला असे कोण दटावणार?

उत्तर ३

ज्यांना सवड कमी आहे त्यांनी निदान आगमनकाळातल्या चार रविवारी एकेका घरी जमून एकेक मेणबत्ती लावावी. ‘नाताळ कधी येणार?’ असे सारखे विचारणाऱ्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी जर्मन धर्मशास्त्रज्ञ योहान हिन्रिख विचर्न यांनी १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या होत्या, मोठ्या चार रविवारांसाठी आणि लहान इतर दिवसांसाठी. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, तेव्हा कोणाचे घर कधी, हे त्याआधीच ठरवून टाका. नाहीतर चारही रविवार एकाच उत्साही घराच्या गळ्यात पडतात, हा आमचा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. विकतची गव्हाणी आणणाऱ्यांवर मी अन्याय केला, हे पटले. ती आम्ही ठेवून घेऊ, फक्त तिच्यावरचे छप्पर आणि आतले गवत यंदा मुले घालतील. जुनी पेटी काल माळ्यावरून उतरवली. आमचे गाढव धडधाकट निघाले, पण एका मेंढपाळाचा हात सापडत नाही.