प्रतिसाद: ला होयाचा बीच आणि सील
ला होयाचा बीच मुलांसाठी दिलाय, मग तो सील या समुद्री प्राण्यांसाठी लोकांना बंद का, हा वर कोणीतरी मांडलेला मुद्दा मला अर्धाच वाटतो. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत ला होयाला एलन ब्राउनिंग स्क्रिप्स बाईंच्या पैशातून १९३१ साली भिंत बांधली, मुलांना लाटांची भीती न बाळगता डुंबता यावं म्हणून, हे बरोबरच आहे. पण त्याच भिंतीमुळे आत वाळू साठत गेली आणि ९०च्या दशकात हार्बर सील तिथे येऊन पडायला लागले, म्हणजे आयती जागा माणसानेच करून दिली ना! २००५ मध्ये कोर्टाने वाळू उपसायला सांगितलेलं, पण २००९ ला राज्याने कायदाच बदलून सागरी प्राण्यांसाठीचा वापरही त्या जागेच्या मंजूर वापरांत घातला.

आणि बंदी वर्षभर नाहीये हो, १५ डिसेंबर ते १५ मे, फक्त पिल्लांच्या सीझनपुरती. पिल्लू जेमतेम चार ते सहा आठवडे आईचं दूध पितं, तेवढ्यात कोणी सेल्फीसाठी जवळ गेलं की अख्खा कळप घाबरून पाण्यात, आई एकीकडे पिल्लू एकीकडे. नुसत्या दोरीने लोक थांबत नव्हते, मग बंद करण्याशिवाय काय उरतं? पोहायला जवळच ला होया कोव्ह आहे, पिल्लांना अशी दुसरी जागा कुठून आणायची?