मदत हवी आहे : पोरगी आठवड्यातून तीनच दिवस शाळेत येते

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात चौथीचा वर्ग आहे माझा. गुऱ्हाळं पेटली की पटावर बावीस, बाकांवर चौदा. एक पोरगी तर धाकट्या भावाला सांभाळायला घरीच. परवा आली, तर भागाकार सोडून समासात गुळाच्या ढेपा काढत बसली. मधलं सगळं बुडालंय, करणार काय! आई म्हणते, "बाई, दोन दिवसांनं काय बिघडतंय?"

शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं शिक्षण आणलं, तेव्हा पोर न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. मला दंड नको, पोरगी वर्गात हवी. भाऊ तीन वर्षांचा आहे, पण अंगणवाडी आमच्याआधी सुटते. मधल्या वेळेची सोय कुणी केली आहे का? भावंडाला वर्गात बसवून पाहिलंय कुणी?